माप बरोबर आहे हे कोणी पाहायचे?

आपल्या मराठीत मापाला केवढा मान आहे पाहा. नवी नवरी उंबऱ्यावरचे तांदळाचे माप लवंडून घरात येते. कोणाचे वाभाडे काढायचे असले की आपण त्याची 'मापे काढतो'. आणि 'मापात पाप' हे दोन शब्द तर एखाद्या दुकानदाराची अब्रू घालवायला पुरेसे असतात. पण माप बरोबर आहे की नाही हे पाहायचे कोणी, आणि ते पाहणाऱ्याचे माप कोणी पाहायचे, याचा विचार आपण फारसा करत नाही. मीही केला नव्हता. मराठी घेऊन बी. ए. झालेल्या आणि जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेल्या बाईला त्याची गरज कशाला पडणार?

माझ्या लहानपणी घरात शेर, अदशेर, चिपटे, पायली असा सगळा खटला होता. एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या शेराला जुळेलच असे नाही. बाजाराला गेलेला माणूस आधी विचारायचा, "शेर कुठला?" १९५७ च्या एप्रिलात नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरपासून किलोची वजने यायला लागली आणि १९६२ पर्यंत देशभर तीच सक्तीची झाली. आमच्या आजीने मात्र शेवटपर्यंत शेर सोडला नाही. किलोभर साखर आणली की ती म्हणायची, "शेरापेक्षा जास्त आहे की कमी, ते सांग आधी." आम्ही हसायचो. आता वाटते, म्हातारीचा प्रश्न बरोबर होता. नवे माप जुन्या मापाला ताडून पाहिल्याशिवाय तिला मान्य नव्हते, एवढेच.

हे सगळे आठवायचे कारण माझा भाचा. तो इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर आहे. म्हणजे काय, हे मला बरीच वर्षे नीट ठाऊक नव्हते. विचारले की त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, म्हणायची, "काहीतरी मीटरबिटर दुरुस्त करतो." एका दिवाळीत तो चार दिवस मनमाडला राहायला आला होता, तेव्हा मी त्याला समोर बसवून म्हटले, "अरे, मला एकदा पाचवीच्या मुलीला सांगावे तसे सांग."

तो म्हणाला, "मावशी, कारखान्यात दाब, तापमान, पातळी, प्रवाह हे सगळे सारखे मोजत राहावे लागते. डोळ्यांना दिसत नाही, हात लावून कळत नाही. यंत्र जे सांगेल त्यावर विश्वास ठेवायचा आणि त्यावरच झडपा उघडायच्या, बंद करायच्या. आता ते यंत्र खरे बोलते का, हे तपासायचे माझे काम."

"मग तपासायचे कसे?"

त्यालाही नियम आहेत म्हणे. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांची आंतरराष्ट्रीय मानके ठरवणारी आयईसी नावाची संस्था १९०६ साली लंडनमध्ये स्थापन झाली. तिचे ६१२९८ क्रमांकाचे एक मानक आहे. मोजमाप आणि नियंत्रण करणाऱ्या औद्योगिक उपकरणांची परीक्षा कशी घ्यावी, एवढाच त्याचा विषय. त्याचे चार भाग. पहिल्यात सर्वसाधारण नियम, दुसऱ्यात ठरावीक आदर्श परिस्थितीतल्या चाचण्या, तिसऱ्यात बाहेरच्या गोष्टींचा उपकरणावर काय परिणाम होतो त्याच्या चाचण्या, आणि चौथ्यात अहवाल कसा लिहायचा ते. ऐकताना मला हसू आले. अरे, ही तर आमची परीक्षा! प्रश्नपत्रिकेचा आराखडा, लेखी, प्रात्यक्षिक आणि शेवटी प्रगतिपुस्तक.

पण तो जसजसा सांगत गेला तसतसे हसू कमी झाले. आम्ही परीक्षा घेतो त्यापेक्षा ही मंडळी फार बारकाईने घेतात.

उदाहरणार्थ, दाब मोजणारे गेज. त्याला शून्य, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण असा दाब चढत्या क्रमाने द्यायचा आणि दर पायरीला ते काय दाखवते ते लिहायचे. मग त्याच पायऱ्यांनी खाली उतरायचे आणि पुन्हा लिहायचे. असे एकदा नाही, अनेकदा. का? तर चढताना अर्ध्यावर जो आकडा दिसतो, तोच उतरताना अर्ध्यावर दिसेल असे नाही. काटा कुठून आला यावर तो काय सांगेल हे थोडे अवलंबून असते. याला ते 'हिस्टेरेसिस' म्हणतात.

हा शब्द मला माहीत नव्हता, पण ही गोष्ट मात्र चांगलीच माहीत होती. पेपर तपासणाऱ्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. एका हुशार मुलीचा सुरेख निबंध वाचून झाला आणि पाठोपाठ मध्यम निबंध आला, तर त्याला दहापैकी पाच पडतात. तोच मध्यम निबंध एका अगदी रद्दी निबंधानंतर आला तर सहा, साडेसहा. निबंध तोच, तपासनीसही तोच. काटा वरून आला की खालून, एवढाच फरक. बोर्डाने म्हणूनच तपासनीसाच्या वर मॉडरेटर बसवले. भाच्याला हे सांगितले तेव्हा तो टाळी देऊन म्हणाला, "मावशी, तू आमच्या खात्यात हवी होतीस!"

दुसरी गंमत आदर्श परिस्थितीची. मूळ चाचणी करायची ती साधारण १५ ते २५ अंश तापमानात, बेताच्या दमट हवेत, थरथर नसलेल्या जागी. आता आमच्या मनमाडला असे दिवस वर्षातून किती? मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, जंक्शनमध्ये गाड्यांची धडधड रात्रंदिवस चालू, आणि धूळ तर पाचवीला पुजलेली. मग त्या परीक्षेचा उपयोग काय? म्हणून तर तिसरा भाग, तो म्हणाला. त्याच उपकरणाला तापवून, गारठवून, हादरवून, तिरके बसवून, वीज कमीजास्त करून पाहायचे आणि प्रत्येक वेळी ते मूळ आकड्यापासून किती ढळते ते नोंदवायचे. सगळे एकदम नाही; एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे ढळले तर कशामुळे ढळले ते कळते.

या बाबतीत आम्ही मनमाडकरांनी बराच अभ्यास केला आहे, कोणी पदवी दिली नाही एवढेच. वागदर्डी धरणाच्या भरवशावर असलेल्या या गावाने कित्येक उन्हाळे पंधरा-वीस दिवसांनी येणाऱ्या नळावर काढले आहेत. इतक्या दिवसांनी पाणी सुटते तेव्हा नळातून आधी फुसफुसत हवा बाहेर येते. घरगुती पाण्याच्या मीटरसाठी आयएस ७७९ नावाचे भारतीय मानक आहे, पण मीटरची पारख होते ती भरलेल्या नळावर. हवा आली तरी मीटरची चक्री गरगरतेच. प्रयोगशाळेत पास झालेला विद्यार्थी गल्लीत नापास होतो, तो असा.

मनमाडला मोजमापाचे गावच म्हणायला हरकत नाही. भारतीय खाद्य निगमची प्रचंड गोदामे इथे आहेत. रेल्वेच्या वर्कशॉपात पुलांचे गर्डर तयार होतात, तिथे मापाची चूक चालत नाही. आणि पानेवाडीला तेलाचे डेपो आहेत. मुंबईच्या रिफायनरीतून सुमारे २५० किलोमीटर जमिनीखालच्या नळातून तेल इथे येते आणि टँकर भरून गावोगाव जाते. पेट्रोल तापले की फुगते हे मी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात वाचले होते. पण किती फुगते? एका अंशाला हजार लिटरमागे साधारण एक-सव्वा लिटर. बारा हजार लिटरचा टँकर आणि दहा अंशांचा फरक धरला तर सव्वाशे-दीडशे लिटरचा हिशेब नुसत्या उन्हाने इकडचा तिकडे होतो! कोणी चोरले नाही, कोणी सांडले नाही. म्हणून पेट्रोलची घनता १५ अंशांवर आणून मगच ताडून पाहतात. तापमापी दोन अंश चुकीचा असला तरी या सगळ्या हिशेबाला अर्थ राहत नाही.

कांद्याच्या हंगामात ट्रॅक्टर भुईकाट्यावर चढतात, तिथेही तेच. भरलेल्या ट्रॉलीचे वजन, मग रिकाम्या ट्रॉलीचे वजन, मधला फरक तो कांदा. काटा दहा किलो खाऊन बसला आणि भाव पंधराशे रुपये क्विंटल असला तर एका ट्रॉलीमागे शेतकऱ्याचे दीडशे रुपये गेले. म्हणून भुईकाटा तपासताना वजने मधोमध ठेवून भागत नाही, चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहावी लागतात. ट्रॉलीचे चाक काय नेहमी मधोमधच येते थोडेच?

इथवर सगळे पैशाचे झाले. पैसा जातो आणि येतोही. पण भाच्याने एक हकिकत सांगितली, ती ऐकून मी पानेवाडीच्या बाजूला जरा वेगळ्या नजरेने पाहायला लागले.

लंडनपासून जवळच बन्सफील्ड नावाचा असाच एक तेलाचा डेपो होता. १० डिसेंबर २००५ च्या संध्याकाळपासून तिथल्या एका टाकीत नळाने पेट्रोल भरणे चालू होते. रात्री तीनच्या सुमाराला पातळी दाखवणारे गेज अडकले. पेट्रोल चढत होते, पण आकडा जागचा हलेना. पडद्यावर पाहणाऱ्याला वाटले, सगळे ठीक आहे. अशा वेळी धोक्याच्या पातळीवर आपोआप भरणे थांबवणारा एक स्वतंत्र स्विच होता, पण तोही चालला नाही. त्या स्विचला चाचणीसाठी एक दांडी होती. ती जागेवर पक्की राहायला कुलूप लावावे लागे आणि ते लावलेलेच नव्हते. म्हणजे चाचणीची सोय होती, तिनेच घात केला! अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल टाकीवरून ओसंडले, त्याची वाफ धुक्यासारखी पसरली आणि ११ तारखेच्या सकाळी सहाला स्फोट झाला. रविवारची पहाट म्हणून कोणी मेले नाही, पण चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली आणि आग कित्येक दिवस जळत होती.

चौकशीत निघाले ते आणखी वाईट. ते गेज त्या आधीच्या साडेतीन महिन्यांत चौदा वेळा अडकले होते. कधी कधी कोणीतरी ते वर नेऊन पुन्हा खाली सोडून 'ठीक' करी, आणि काम पुढे चालू. चौदा वेळा! आमच्या शाळेत चौदा वेळा गृहपाठ न आणणाऱ्या मुलाच्या वडिलांना तिसऱ्याच वेळी बोलावणे जायचे.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते.

हा भाचा त्या वेळी एका कारखान्यात कंत्राटावर होता. कारखान्याचे नाव सांगत नाही, त्याची जरूरही नाही. तिथे ऑडिट दोन दिवसांवर आले होते आणि साठ-बासष्ट प्रेशर गेजची वर्षाची तपासणी राहिली होती. वरच्या साहेबांनी सांगितले, "गेल्या वर्षीचे आकडे घे, थोडे इकडेतिकडे कर आणि सह्या करून टाक." याने ऐकले नाही. दोन दिवस आणि एक रात्र बसून जमतील तेवढी एकोणीस गेजे रीतसर तपासली, त्यांचे खरे आकडे लिहिले आणि उरलेल्यांपुढे 'तपासणी बाकी' असे लिहून ठेवले. एकोणिसांत तीन बाद निघाली. त्यातले एक वाफेच्या नळावरचे होते, त्याचा काटा अडकून बसला होता.

कारखान्यात काही झाले नाही. स्फोट नाही, अपघात नाही, वर्तमानपत्रात बातमी नाही. ते गेज बदलले गेले. मार्चमध्ये याचे कंत्राट मात्र वाढवले नाही. कारण कोणी सांगितले नाही. पुढे आठ महिने तो घरी बसला. घराचा हप्ता चालू, मुलगी बालवाडीत. मेहुणे म्हणाले, "सगळे करतात. तुलाच काय झाले होते?"

दिवाळीत माझ्या ओट्यावर बसून त्याने हेच विचारले. "मावशी, माझे चुकले का ग?"

मी "नाही रे" म्हणाले. ते तर कोणीही म्हणेल. पण नंतर किती दिवस त्याचा प्रश्न मनात घोळत राहिला. कारण त्याला जे करायला सांगितले होते, ते मी वेगळ्या वेषात आयुष्यभर आजूबाजूला पाहिले आहे. दहावीच्या तोंडी परीक्षेचे वीस गुण कसे पडायचे ते शिक्षकांना वेगळे सांगायला नको. मुलाने तोंड उघडले की सोळा, दोन वाक्ये बोलला की अठरा! २०१९ साली भाषा आणि समाजशास्त्राचे हे शाळेच्या हातातले गुण बंद झाले, तेव्हा काय झाले पाहा. २०१८ ला दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता, २०१९ ला तो ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत आले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. अभ्यासक्रम नवा होता, २०२० ला करोनामुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही, हे सगळे खरे. तरीही मुले एका वर्षात एवढी ढ झाली आणि पुढच्या वर्षी एवढी हुशार झाली, असे कोणी म्हणेल का? मुले तीच होती. गेज बदलले होते.

आणि त्या अठरा गुणांनी कोणाचे भले झाले? ज्याला खरेच वाचता येत नव्हते, त्याचा काटा अठरावर अडकून राहिला. अकरावीत गेल्यावर त्याची टाकी ओसंडली.

धाकट्या बहिणीशी मी हे बोलले, तर ती म्हणाली, "तुला पेन्शन आहे ताई, तुला बोलायला काय जाते?" मला राग आला नाही. तिचे म्हणणे खोटे नाही. खरे माप लिहिण्याची किंमत जो लिहितो त्याने एकट्याने मोजायची आणि फायदा मात्र त्या नळाजवळून जाणाऱ्या शंभर माणसांचा, ज्यांना ते कधी कळणारही नाही. हा हिशेब कुठल्याच मानकात बसत नाही. मी तिला एवढेच म्हणाले, की त्या वाफेच्या नळाशेजारी उभा राहणारा माणूसही कोणा बाईचा मुलगाच असेल. ती काही बोलली नाही. चहा ठेवायला उठून गेली.

भाच्याकडून मी आणखी एक गोष्ट शिकले. वाण्याच्या दुकानातले वजन निरीक्षकाच्या वजनाशी ताडतात, ते त्याच्या वरच्या वजनाशी, ते त्याच्याही वरच्या. असे करत करत ही साखळी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत पोहोचते. तिथे ५७ क्रमांकाचा किलो ठेवलेला आहे, पॅरिसजवळच्या मूळ किलोची ती अधिकृत प्रत. आणि शंभर वर्षांत त्या मूळ किलोत आणि त्याच्या प्रतींत मायक्रोग्रॅमांचा फरक पडलेला निघाला! तेव्हा शास्त्रज्ञांनी 'चालायचेच' म्हटले नाही. २० मे २०१९ पासून किलोची व्याख्याच बदलली आणि ती निसर्गातल्या एका स्थिर संख्येवर बांधली. ज्या वजनाने सव्वाशे वर्षे जगाला मोजले, त्यालाही कोणी विचारलेच, की बाबा, तू बरोबर आहेस ना? यात त्या किलोचा अपमान झाला असे मला वाटत नाही. आपल्याकडे मात्र "तपासून पाहू का?" म्हटले की समोरच्याला वाटते, आपण त्याला चोर म्हणालो.

२०१७ साली आधी उत्तर प्रदेशात आणि मग ठाणे पोलिसांनी आपल्याकडे कितीतरी पंपांवर छापे घातले, तेव्हा यंत्रात चिप बसवून पेट्रोल कमी देण्याचे प्रकार उघड झाले. वरून आकडे अगदी बरोबर पळत होते. सीलही होते. म्हणजे शिक्क्यावर भागत नाही, मधून मधून कोणीतरी माप हातात घेऊन उभे राहावे लागते.

भाचा आता एका छोट्या कॅलिब्रेशन लॅबमध्ये आहे. पगार आधीपेक्षा कमी आहे. मेहुणे अजून अधूनमधून टोमणा मारतात. पण परवा फोनवर तो म्हणाला, "इथे साहेब स्वतः म्हणतात, बाद असेल तर बाद लिही." त्याच्या आवाजात जे होते, त्याचे माप माझ्याकडे नाही.

असो. फार लांबले. तुम्ही पेट्रोल भरायला जाल तेव्हा एकदा पाच लिटरचे प्रमाणित माप मागून पाहा. ते प्रत्येक पंपावर ठेवावेच लागते आणि मागायचा हक्क आपल्याला आहे. पाच लिटरमागे २५ मिलिलिटरपर्यंतची तूट नियमात बसते, त्यापुढची नाही. वाण्याच्या काट्यावर वैध मापन खात्याचा या वर्षीचा शिक्का आहे का, तेही पाहा. भांडायचे नाही, आवाज चढवायचा नाही. नुसते विचारायचे. पंपावरचा मुलगा कपाळाला आठ्या घालेल, मागच्या रांगेतला हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.